नकाशात नसलेली सतरा घरं

मित्रांनो, मी एका धरणाचा जुना नकाशा आहे. सध्या दादरला एका कपाटात गुंडाळी होऊन पडलेला असतो. जुन्या वस्तू आपल्या चांगल्या दिवसांविषयी हौसेने सांगतात. मला मात्र तुमच्यासमोर उलगडायचीही लाज वाटते. तरी सांगतो, कारण न सांगितल्यामुळेच सगळं बिघडलं.

१९७९ साली माझा जन्म झाला. गिरगावात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर धरणांचे आराखडे करणारी कचेरी होती. तिथले ड्राफ्ट्समन मनमोहन यांनी मला गुळगुळीत ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने रेखलं. कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी धरण होणार होतं. त्याच्या पाण्यावर कितीतरी गावांची शेती भिजणार होती, थोडी वीजही मिळणार होती. माझ्यावर वाकले की मनमोहन श्वास रोखून धरत. घामाचा थेंब पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधत.

एका जागी मात्र काम अडलं. मोजणीचे कागद दोन तुकड्यांत आले होते आणि त्यांच्यामधली एक पट्टी कोरीच राहिली होती. मनमोहन मोठ्या साहेबांकडे गेले.

"साहेब, या पट्टीत काय आहे ते कळत नाही. कुणीतरी जागेवर जाऊन यायला हवं."

"परवा मीटिंग आहे, मनमोहन. डोंगर तर आहे तिथे, कोण राहणार? दोन्हीकडच्या रेषा जोडून टाका."

मनमोहननी जोडल्या. इतक्या सफाईने, की सांधा मलाही शोधावा लागे. मीटिंगमध्ये माझी वाहवा झाली. माझ्या प्रती निघाल्या आणि त्यांच्यावरूनच याद्या झाल्या: कुणाची घरं पाण्यात जाणार, कुणाला पाणी मिळणार, कुणाच्या दारात विजेचा खांब येणार. मला काचेत बसवून भिंतीवर लावलं. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण तेव्हा बोलावंसंही वाटलं नाही. मी खूश होतो.

मग १९८२ चा गिरण्यांचा संप आला. लहू लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. सहा महिने झाले तरी संप मिटेना, तेव्हा तो आमच्या कचेरीत शिपाई म्हणून लागला. रोज सकाळी फडक्याने माझी काच पुसायचा. एकदा पुसता पुसता थांबला आणि काचेवर बोट ठेवून पुटपुटू लागला.

"ही नदी. हा आमचा व्हाळ, नदीला मिळतो तो. व्हाळ ओलांडला की चढ, चढ संपला की उंबरटेक." बोट थांबलं. खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग तो वळून म्हणाला, "मनमोहनसाहेब, आमची वाडी कुठं दिसत नाय ती? सतरा घरं हायत."

बोट अगदी त्या जोडलेल्या रेषांवर होतं. मनमोहनचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पेन पुसत ते म्हणाले, "लहान वाड्या दाखवत नाहीत रे नकाशावर."

"हां. पण पाणी, लाईट येणार ना आमच्याकडं?"

"येणार," मनमोहन म्हणाले. मान वर केली नाही.

लहूला तेवढं पुरलं. नकाशा काढणाऱ्या साहेबांनीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्याची गिरणी काही उघडली नाही, तेव्हा त्याने लालबागची खोली सोडली. "गिरणी गेली तर गेली, साहेब. गावाला पाणी येतंय. दुबार शेती करीन," असं म्हणून मनमोहनच्या पाया पडला आणि बायकोला, शेवंताला, घेऊन उंबरटेकला निघून गेला. मनमोहन त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

धरण १९८७ च्या पावसाळ्यात भरलं. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस शेवंता कचेरीत आली. परळला भावाकडे उतरली होती. दारातच उभी राहून तिने विचारलं, "मनमोहनसाहेब कोण?"

मनमोहन उठले. ती म्हणाली, "मी लहूची बायको. आमची खालची वाट पाण्यात गेली, साहेब. तीन बाजूंनी धरण आणि मी कडा उतरून हंडा आणते. पलीकडच्या गावांत दिवे लागले, पंप आले. आम्ही विचारायला गेलो तर म्हणतात, उंबरटेक नकाशातच नाय. जी वाडीच नाय, तिला पाणी द्यायचं कसं?"

मनमोहननी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती उभीच राहिली.

"आमचे हे अजून सांगत फिरतात, साहेबांनी सांगितलंय, येणार म्हणून. लोक हसतात त्यांना. तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात का, एवढंच विचारायला आलेय."

"म्हणालो होतो," मनमोहन म्हणाले. "खोटं बोललो, बाई. वाडी राहून गेलीय हे मला तेव्हाच कळलं होतं."

शेवंता रडली नाही की ओरडली नाही. "मग येऊन त्यांना सांगा," एवढंच म्हणाली.

मनमोहननी मला भिंतीवरून उतरवलं, काचेतून काढलं आणि दुसऱ्या दिवशी काखेत मारून तिच्याबरोबर निघाले. नऊ वर्षं ज्या डोंगराचं चित्र मी मिरवलं, तो मी पहिल्यांदा पाहिला. चढ संपला आणि समोर सारवलेली अंगणं, गवताच्या उडव्या, दारात बसलेली म्हातारी माणसं. आपण किती मोठं खोटं आहोत, हे मला त्या अंगणात कळलं.

लहूने ओळखलं. "साहेब, तुम्ही आलात!" म्हणत त्याने तांब्या पुढे केला. मनमोहनना पाणी पिववेना. सगळ्या वाडीसमोर त्यांनी आपली चूक सांगितली. लहूने तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी खोली सोडली नसती." आणि अंगणात घोंगडी अंथरून, "बसा. घरं मोजून घ्या."

मनमोहन दारोदार गेले. प्रत्येक घरासाठी माझ्यावर एक चौकोन काढला आणि खाली लिहिलं: 'ही वाडी माझ्या चुकीने राहिली.' त्याखाली सही केली. मोठे साहेब भडकले आणि मनमोहनना निवृत्तीआधीच घरी बसावं लागलं. मग ते मला घेऊन सहा वर्षं सरकारी कचेऱ्यांचे जिने चढले.

१९९४ मध्ये लहूचं पोस्टकार्ड आलं. मनमोहनची मुलगी शकू हिने ते वडिलांना वाचून दाखवलं. 'पाणी आलं, लाईट आली. पण पाचच घरं राहिली आहेत, बाराला कुलूप आहे. नकाशावर मात्र सतराच ठेवा. कोणी परत आलं तर पुन्हा विचारायची पाळी नको.'

मनमोहननी कार्ड माझ्या गुंडाळीत खोचून ठेवलं.

आता मनमोहन नाहीत. शकूने मला जपून ठेवलंय. वाळवी लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा पालाही ठेवते. पण मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या तुमच्यातलं कुणी धरण आखेल, कालवा काढेल, खांब कुठे रोवायचे ते ठरवेल. तेव्हा एवढंच करा: शाईत पेन बुडवण्याआधी तो चढ स्वतः चढा, दारात बसलेल्या माणसाला त्याचं नाव विचारा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. माझ्यावरचे बारा चौकोन अजून ठळक आहेत. त्या घरांतली माणसं कुठे गेली, ते मला माहीत नाही.