दहा जणांचा बेलभंडारा

मंगळवारी सकाळी रंगूबाईच्या सोप्यात शेवया वळायचं काम चाललं होतं. लेकीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. अंजना पाटावर बसून हात चालवत होती आणि शेजारणी तिला नवऱ्याच्या नावाने चिडवत होत्या. तिचा थोरला भाऊ धनाजी उंबऱ्यावर बसून फुटबॉलच्या बुटांना गोडेतेल चोळत होता.

"लग्नात तरी पायताण घाल बाबा," रंगूबाई म्हणाली. "न्हाईतर ह्येच खिळ्याचं बूट घालून अक्षता टाकशील."

बायका खदखदून हसल्या. तेवढ्यात गुंडा धावत आला. तो धनाजीच्या संघात हाफला खेळायचा.

"धनाजी, तालमीला दोन कुलपं लागल्यात," तो म्हणाला. "एक आप्पासाहेबांचं, एक नाथाजींचं. बॉल आत, बनियनी आत. आनि नाथाजी समद्यांस्नी विचारत सुटल्यात, अर्जुनाच्या घरी कोन कोन जेवलं म्हणून."

बायकांचं हसू थांबलं. अंजनाच्या हातातली शेवई तुटली.

आष्ट्यापासून दोन कोसांवर हे गाव आहे. नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटलो म्हणून निःश्वास टाकतील, आणि त्यांना सोडायचा माझा विचार नाही. साल पंचाहत्तर. सैन्यातून सुभेदार म्हणून परतलेल्या आप्पासाहेबांनी दहा वर्षांपूर्वी या गावात फुटबॉल आणला होता, आणि तालमीतली पोरं कुस्ती सोडून चेंडूमागे धावायला लागली होती. रविवारी या संघाने सांगलीच्या स्पर्धेची उपान्त्य फेरी जिंकली. जिंकून दिली अर्जुनाने. अर्जुना बौद्धवाड्यातला, विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन. गोलात उभा राहिला की माशीसुद्धा आत जाऊ द्यायचा नाही. परत येताना एसटीने बौद्धवाड्याच्या तोंडाशी सोडलं, अर्जुनाची आई बयाबाई रस्त्यावर उभीच होती. तिने सगळ्यांना घरात नेलं आणि भाकरी-आमटी वाढली. भुकेली पोरं बोटं चाटून जेवली. एवढाच काय तो गुन्हा.

गावातल्या प्रत्येक घरात अर्जुनाने दिवा लावून दिला होता, तेव्हा कुणी उजेड बाटला असं म्हणालं नव्हतं. पण भाकरीचं कळलं आणि तालमीची कमिटी उभी फाटली. आप्पासाहेब अध्यक्ष, ते म्हणाले, पोरांनी चांगलं केलं. नाथाजी उपाध्यक्ष, ते म्हणाले, तालमीत मारुती आहे, बाटलेली पोरं आत येऊ देणार नाही. दोन दिवस पारावर दोन घोळके बसले. संघातली पोरं गल्लीतून जाताना मान वर करेनात. सराव बंद, आणि अंतिम सामना येत्या रविवारी.

गावाला करंडक तर हवा होता आणि दुसरा गोली मिळणार नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेव्हा नाथाजींनी तोड काढली. अर्जुनाने खेळावं. पण बाकीच्या दहा जणांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी, की आजपासून त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. जो बोलेल त्याचं घर वाळीत.

"आनि मैदानात?" धनाजीने विचारलं. संघाचा तो कप्तान होता, आणि फुलबॅक. गोलीच्या पुढ्यात उभं राहून मागे ओरडून सांगणं हेच त्याचं अर्धं काम.

"मैदान काय गावाच्या भायेर हाय व्हय?" नाथाजी म्हणाले. मग आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखं, "धनाजीराव, अंजना माझ्या भाच्याला दिलीया. माझ्या बहिणीच्या घरात वाळीतल्या घरची पोरगी कशी जाईल, तुमीच सांगा."

धनाजीने आप्पासाहेबांकडे पाहिलं. सुभेदार तीन लढाया पाहिलेला माणूस. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खेळ जगला पायजे, पोरा. एवढ्यापुरतं उचल." अशा अर्ध्या सुधारकांपेक्षा उघडा वैरी परवडला, असं मला वाटतं.

घरी रंगूबाईने पोराचे पायच धरले. "पत्रिका वाटल्यात रं. पोरीचं मोडलं तर पुन्ना कोन करंल? उचल बाबा, देवाचाच भंडारा हाय." अंजना चुलीपुढे बसली होती. ती काही बोलली नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही.

गुरुवारी दहा जणांनी ओळीने बेलभंडारा उचलला. शुक्रवारी कुलपं निघाली आणि सराव सुरू झाला.

"गुंडा, बॉल दे की," अर्जुना गोलातून म्हणाला. गुंडाने पाठ फिरवली. अर्जुनाला आधी थट्टा वाटली. त्याने दुसऱ्याला हाक मारली, मग तिसऱ्याला. शेवटी तो धनाजीजवळ आला. "काय झालंया? माझं काय चुकलं का रं?"

धनाजी खाली बसला आणि बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला. तो भ्यायला होता. भीती अर्जुनाची नव्हती. उरलेल्या नऊ जणांची होती. यातला कोण जाऊन सांगेल, हे त्याला कळत नव्हतं, आणि त्या नऊ जणांनाही त्याच्याबद्दल तेच वाटत होतं. पाच दिवसांपूर्वी एका ताटात जेवलेली पोरं आता एकमेकांचे ओठ बघत खेळत होती.

अर्जुनाला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. बयाबाई म्हणाली, "जाऊ नगंस. भ्या वाटतंया मला."

"मलाबी वाटतंया," अर्जुना म्हणाला. "पन बॉल आला की बोलतील गं आई. त्याबिगार खेळता येतच न्हाई."

रविवारी सांगलीला हे गाव लोटलं. नाथाजी गोलाच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसले. समोरचा संघ असा काही भारी नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी याच पोरांनी त्याला लोळवलं असतं. पण आज पोरांचे पाय जड झाले होते. चेंडू कुणाला द्यावा हे बघायच्या आधी खुर्चीकडे बघितलं जाई. अर्जुना एकटाच ओरडत होता. "धनाजी, डावा मोकळा हाय! गुंडा, मागं ये!" उत्तर येत नव्हतं. हळूहळू त्याचाही आवाज घोगरा झाला, मग बारीक झाला. हाफटाइमला एका गोलाने मागे. लिंबाच्या फोडी वाटल्या गेल्या. अर्जुनाला कुणी दिली नाही. तो गोलाच्या खांबाला टेकून एकटा उभा राहिला.

दुसऱ्या डावात बाजू बदलली, तशी नाथाजींनी खुर्चीही हलवली, आणि ऊन अर्जुनाच्या डोळ्यांवर आलं. वीसेक मिनिटं झाली असतील. उंच चेंडू आला. अर्जुना वर बघत, डोळे किलकिले करत पुढे धावला. त्याच्या डाव्या अंगाने समोरचा धिप्पाड फॉरवर्ड तीरासारखा येत होता. अर्जुनाला तो दिसत नव्हता. धनाजीला दिसत होता. दहा पावलांवरून स्वच्छ दिसत होता. "अर्जुना, थांब!" एवढंच म्हणायचं होतं. शंभरदा म्हटलेले दोन शब्द. ते धनाजीच्या जिभेवर आले, आणि त्याला खुर्ची दिसली, पाटावरची अंजना दिसली, पाय धरलेली आई दिसली. त्याने ओठ मिटले.

फॉरवर्डचा गुडघा अर्जुनाच्या जबड्यावर बसला. तो आवाज खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

सरकारी दवाखान्यात दहाही जण व्हरांड्यात भिंतीला लागून उभे होते. नर्स कागद घेऊन बाहेर आली. "पेशंटचं नाव काय?"

कुणी बोललं नाही. नाव सांगायला बेलभंडाऱ्याने मना केलं नव्हतं, पण भीती एकदा अंगात शिरली की ती शपथेच्याही पुढे जाते. नर्सने पुन्हा विचारलं. "अहो, जबडा दोन ठिकाणी मोडलाय त्याचा. तुमच्याबरोबरचाच ना? नाव नाही का त्याला?"

गुंडा रडत होता, पण तोंडावर हात ठेवून.

"अर्जुना," धनाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "अर्जुना हाय नाव त्येचं." आणि नर्सच्या मागोमाग तो आत गेला. नऊ जण दारातून बघत राहिले. अर्जुनाचं तोंड पट्ट्यांनी आवळलेलं होतं. नुसते डोळे उघडे होते. धनाजीने त्याचा हात धरला आणि बोलत सुटला. चेंडूबद्दल, बयाबाईच्या भाकरीबद्दल, खुर्चीबद्दल, जे तोंडाला येईल ते. अर्जुनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. उत्तर देणं आता त्याच्या हातात नव्हतं. पुन्हा नीट बोलता येईल का, डॉक्टरांनी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी धनाजीने घरी सगळं सांगितलं. रंगूबाईने कपाळावर हात मारून घेतला. अंजनाच पुढे आली. "दादा, तू हाक माराया पायजे हुतीस," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या नावावर हे का खपवलंस? मला इचारलं असतंस तर."

चावडीवर सगळं गाव जमलं होतं. धनाजी भीत भीतच पुढे झाला. खोटं कशाला सांगू?

"बोललास?" नाथाजींनी विचारलं.

"बोललो," धनाजी म्हणाला. "पन उशिरा. मैदानात बोललो असतो तर त्याचं थोबाड शाबूत ऱ्हायलं असतं. बेलभंडाऱ्याचं पाप लागू दे. मला त्या गप बसन्याचं लागलंया. फौजदार इचारतील तवा हितं जे घडलं ते समदं सांगनार हाय मी, नावं घेऊन."

करंडक गेला, लग्नही मोडलं. रंगूबाईचं दळण गिरणीत घेत नाहीत. अंजना दोन कोस चालून आष्ट्याला जाते, आणि तिथून बयाबाईचंही दळून आणते. धनाजीने नाथाजींवर वाळीत टाकल्याची फिर्याद दिली आहे. साक्षीदार पाहिजेत, असं फौजदार म्हणाले.

म्हणून धनाजी त्या नऊ जणांच्या दारात रोज जातो. देवभोळी, कष्टाळू, आईबापांच्या शब्दाबाहेर न जाणारी पोरं आहेत ती. दार थोडं उघडतं. आतून उत्तर येतं, "आमाला कशाला वढतोस गड्या? आमी काय केलं? आमी तर कायबी बोललो न्हाई."

खरं आहे. काहीच बोलले नाहीत.