रूताच्या गाण्यातलं 'कोठें'

रूता लिथुआनियाहून आली ती एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर. तिकडे ती वाद्यवृंदासाठी संगीतरचना करायची आणि एका शाळेत व्हायोलिन शिकवायची. इथे कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकून परत जायचं, एवढाच बेत होता. तिरुवैयारुच्या गणेशकुमार सरांनी तिला पहिल्याच दिवशी जमिनीवर मांडी घालायला लावली आणि वाद्याचं टोक घोट्यावर टेकवायला सांगितलं. वीस वर्षं उभं राहून वाजवणाऱ्या हाताला हे अंगवळणी पडायला चार वर्षं लागली. तोवर परत जाण्याचा विषय मागे पडला होता.

तंजावुरात ती शेषम्मांच्या माडीवर भाड्याने राहायची. शेषम्मा गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सर इंग्रजीत शिकवत, म्हणून तमिळ घरीच शिकावं असं रूताने ठरवलं आणि शेषम्मा बोलतील ते वहीत उतरवून घेतलं. सहा महिन्यांनी तिने बाजारात जाऊन अर्धा किलो वांगी मागितली. भाजीवालीला कळेना. काकडी म्हटलं, तेही कळेना. घरी येऊन रूताने तक्रार केली, तेव्हा शेषम्मा हसता हसता खालीच बसल्या. रूता शिकली होती ती मराठी होती, भोसल्यांच्या राज्यात इथे येऊन राहिलेल्या घरांतली. तमिळ तिला पुन्हा वेगळं शिकावं लागलं.

शिकवण्या मिळायला वेळ लागला. परदेशी बाई आपल्या मुलांना आपलंच संगीत काय शिकवणार, असं लोकांना वाटे. पहिली शिष्या शेषम्मांची नात कीर्तना, तीही शिकवणी घरातच होती म्हणून. तिला मराठी कळायची, पण उत्तर ती तमिळमध्ये द्यायची.

एका मे महिन्यात रूता आणि शेषम्मा बसने तिरुवैयारुला चालल्या होत्या. पुलाखाली नुसती वाळू होती. शेषम्मा खिडकीतून बघत म्हणाल्या, "कावेरी, कोठें गेलीस गं?"

रूताने त्या ओळीला मुखारी रागात चाल लावली. 'को' चार मात्रा धरलेला होता. कीर्तनाने ते गाणं एका छोट्या संगीतसभेत गायलं आणि त्याचं रेकॉर्डिंग फिरत फिरत पुण्याच्या एका संस्थेपर्यंत गेलं. तिथल्या एका गृहस्थांचा फोन आला. गाणं फार आवडलं, कार्यक्रमाला बोलवायचं आहे, फक्त 'कोठें'च्या जागी 'कुठे' करा, श्रोत्यांना चुकल्यासारखं वाटेल, असं ते म्हणाले.

शेषम्मांना त्यात वावगं वाटलं नाही. "ते लिहितात, वाचतात. आमचं स्वयंपाकघरातलं बोलणं. बदलून टाक."

रूताने वाजवून पाहिलं. 'कु' ऱ्हस्व, चार मात्रा टिकेना. पण कारण तेवढंच नव्हतं.

"मामी, मी तुमच्याकडनं शिकले," ती म्हणाली. "दुसरी मराठी मला येत नाही."

तिने पुण्याला नकार कळवला. कळवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो पुन्हा आला नाही. रूताला दोन दिवस वाईट वाटलं. ही भाषा जिथून आली तो मुलूख तिला एकदा पाहायचा होता.

मग एका दुपारी शेषम्मा गुडघे दुखत असूनही माडी चढून आल्या. नदीला आता पाणी आलं आहे, गाण्यात ते यायला नको का, असं म्हणाल्या आणि कीर्तनाला वही घ्यायला सांगून पुढच्या ओळी घातल्या. कीर्तनाने त्या तमिळ लिपीत उतरवल्या. देवनागरी दोघींनाही येत नव्हती.

आता अशी चार गाणी झाली आहेत आणि रूताकडे अकरा मुलं शिकतात. यंदा जानेवारीत त्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा कीर्तनाने पत्रिकेत लिहिलं: संगीत रूता, साहित्य शेषम्मा; साहित्य म्हणजे इकडे गाण्याचे शब्द. शेषम्मा दोन दिवस नको नको म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्रिका मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली.

"छापतेसच तर इनिशियल घाल," त्या म्हणाल्या. "या गल्लीत तीन शेषम्मा आहेत."