पान एकशे तेरा

वायरीचं हे टोक दोन्ही बाजूंनी सारखं, गोलसर, चपटं, खारकेच्या बीएवढं — आणि कृष्णकांतांना त्याच्याबद्दल आदरच वाटला, कारण उलटी घालताच येत नाही अशी वस्तू एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाती आली होती. बनियन, गादीची खोळ, आणि एकदा तर साहेबांसमोर ठेवलेली फाइलसुद्धा त्यांनी उलटी घातलेली होती. टोक टॅबलेटमध्ये गेलं. खट्. आता राहिलं दुसरं, मॉनिटरकडचं, हे जरा रुंद, एका बाजूनं खांदे पडलेलं, पुढची तारीख मिळालेल्या अशिलासारखं — आणि ते जाईना.

सुलटं करून पाहिलं. मग आपण ज्याला सुलटं समजतो तेच उलटं असेल म्हणून उलटं करून पाहिलं. मॉनिटरच्या पाठीशी वाकून बोटानं खाच चाचपली, खाच होती, आणि मग सवयीनं, चुकून, थेट तिच्याकडे बघितलं... की खाच गेली. तिच्या जागी तो राखाडी डाग येऊन बसला, ओल्या बोटानं शाई पुसावी तसा. बाकी सगळं शाबूत. मॉनिटरच्या कडा, खिडकी, खिडकीतून दिसणारा नंदनवन कॉलनीतला समोरच्यांचा जिना, दोरीवरची बायकोची, यमूताईंची, साडी — फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाही. बघायचं असेल तर बघू नये, शेजारी बघावं, हे आता जमायला लागलं होतं. पण शेजारी बघत खाचेत वायर घालणं म्हणजे भलत्याच माणसाला समन्स बजावणं.

काल आणलेली वायर तर नुसती चार्जिंगचीच निघाली होती. आज सकाळी ती बदलायला पुन्हा सीताबर्डीच्या बाजारात गेले, तेव्हा स्टॉलवरच्या खुशीनं — शेजारचा चष्मेवाला तिला त्या नावानं हाका मारत होता — वायर हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "काका, ही फक्त करंट नेते, चित्र नाही नेत. चित्रवाली वेगळी राहते." मग टॅबलेट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "याच्यातून जाते चित्र. सगळ्यातून नाही जात. नशीबवान आहे तुम्ही." दिसायला दोन्ही वायरी सख्ख्या बहिणी. कृष्णकांतांना यात नवल नव्हतं. कोर्टात एकतीस वर्षं बेंच क्लार्क म्हणून काढल्यावर माणसाला एवढं तर कळतंच, की सारख्याच काळ्या कोटातल्या काही वकिलांमधून करंट जातो, काहींमधून चित्र जातं, आणि बऱ्याच जणांमधून काहीच जात नाही, फक्त दोन्ही टोकं व्यवस्थित असतात.

मॉनिटर चालू होता. त्याच्या काळ्या काचेवर एक छोटी चौकट फिरत होती, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि ती थेट न बघता कडेला पोचली की वाचता यायची — सिग्नल नाही. पुन्हा मधे आली की डागात गडप. पुन्हा कडेला — सिग्नल नाही. हे एवढं एक वाक्य आज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी, सबंध, वाचलं होतं.

"मधलं जाईल, कडा राहतील," नोव्हेंबरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, भावाभावांतल्या वाटणीचा हुकूम सांगावा अशा सुरात. डाव्याचं जे व्हायचं ते झालं आहे. उजव्यात नुकतीच सुरुवात आहे, डोळ्यात इंजेक्शन देऊन थांबवता येईल बहुतेक, पण लवकर या, आणि सोबत घरचं माणूस आणा... घरी कृष्णकांतांनी सांगितलं होतं, बँकेत चाललो, हयातीचा दाखला द्यायला. परत येऊन सांगितलं, जिवंत आहे हे सिद्ध करायला चार तास लागले. यमूताईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यानंतर डॉक्टरांची एक तारीख त्यांनी परस्पर बुडवली, आणि तेवढ्यात उजव्यातही डाग पसरला. दुसरी परवा, मंगळवारी. घरचं माणूस न्यायचं म्हणजे घरच्या माणसाला सांगायचं, आणि घरच्या माणसाला सांगितलं की तीन वाजताचं वाचन संपलं.

तेच तर सगळं होतं. तसं बघितलं तर काय होतं? लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी यमू तांदूळ निवडत बसली होती आणि नवऱ्यानं काय बोलावं हे न सुचून ते पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचायला लागले. ती हसली. दुसऱ्या रविवारी गोष्ट वाचली. निवृत्तीनंतर रविवार रोजचाच झाला: जेवण, डुलकी, तीनचा चहा, तिच्या पुढ्यात काहीतरी निवडायला, सोलायला, आणि यांच्या हातात लायब्ररीचं पुस्तक. बाकी दिवसभर दोघांमध्ये जे बोलणं व्हायचं ते दूध, नळ आणि गॅस या तीन विषयांत आटोपायचं. तो एक तास काढला तर उरतं काय... नळ उरतो. तोही एक दिवसाआड येतो.

म्हणून सांगितलं नाही. म्हणून पान एकशे तेरा.

पुस्तक जाडजूड होतं, एका शाळामास्तरणीची गोष्ट, कव्हर गेलेलं, आणि एकशे बाराव्या पानापर्यंत त्यांनी ते प्रामाणिकपणे वाचलं होतं, शेवटची दहा पानं तर भिंग चोरून वापरत. एकशे तेराव्या पानावर अक्षरं बसेनात. समोर यमू, तिच्या मांडीवर परात, कान इकडे. एक क्षण — आणि मग त्यांच्या तोंडून, स्वच्छ, स्वल्पविरामासकट, गोपाळराव नावाचा एक वकील बाहेर पडला. तो मास्तरणीच्या शेजारी राहायला आला. भर कोर्टात झोपायचा आणि उठून अचूक हरकत घ्यायचा. त्याच्याकडे एक आंधळी मांजर होती. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या साक्षी वाचून दाखवल्या आणि पदरचा एक शब्द घातला नाही, त्या माणसानं दीड महिना रोज एक तास खोटी साक्ष दिली, आणि खरं सांगायचं तर — इथं खरं सांगायला हरकत नाही, कोणी ऐकत नाही — मला मजा येत होती. अडलो की म्हणायचो, उरलेलं उद्या. एकदा कंटाळून गोपाळरावाला चंद्रपूरला पाठवून दिला, तर यमूचा हात परातीत थांबला. "परत येईल न तो?" म्हणाली. आणावा लागला परत.

हे असंच चाललं असतं. पण काल यमूताईंनी चहा देता देता सांगितलं होतं, "इंदूबाई मागून राहिल्या ते पुस्तक. मी त्यांना थोडी थोडी गोष्ट सांगत असते न, तर त्यांना तो गोपाळराव फार आवडला. उद्या संध्याकाळी येतील न्यायला."

शेजारच्या इंदूबाई. चष्मा न लावता सुईत दोरा ओवणाऱ्या. त्या पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणार, आणि गोपाळराव त्यात कुठंच नसणार, मांजरसुद्धा नसणार.

तेव्हा आज तीनच्या आत खरं पुस्तक जमेल तेवढं वाचून काढायचं, आणि तीन ते चार गोपाळरावाची अशी काही सोय लावायची, की... बघू. टॅबलेट गौरांगनं पाठवलेला. पोरगा पुण्याला, तिथून वस्तू पाठवतो. तोच टॅबलेट दोन डब्यांवर आडवा ठेवून खाली पुस्तक धरलं, कॅमेरा लावला, तर अक्षर दिसतं, पाहिजे तेवढं मोठं होतं — पण मोठं केलं की वाक्य बाहेर जातं. एक शब्द मावतो. मग सरकवा, दुसरा शब्द. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर काय झालं ते कळतं, पण कोणाला झालं ते विसरलेलं असतं. तेव्हा मोठा पडदा पाहिजे, आणि मोठा पडदा गौरांगच्या खोलीत चार वर्षं नुसता उभा होता, भरतकाम केलेल्या टोपड्याखाली, एखाद्या सोवळ्यातल्या पाहुण्यासारखा. जोडायला फक्त वायर पाहिजे होती. वायर मिळाली. चित्रवाली. जाते म्हणाली पोरगी, नशीबवान आहे म्हणाली... आणि इथं शेवटच्या बोटभर खाचेत, कशाला तरी अडून, जात नाही.

पुन्हा दाबली. जोर लावला. आतमध्ये काहीतरी टणक, बारीक... की माझ्याच हाताला भास? पावणेतीन झाले. डब्यांवरचा टॅबलेट, त्याच्यात पुस्तकाचं पान, पानावर कोणीतरी काहीतरी करतं आहे, आणि ते इथून तिथं, एवढ्याशा वायरीतून, येत नाही. कृष्णकांत जमिनीवर बसले. हे सगळं हास्यास्पद आहे, त्यांना वाटलं, आणि हास्यास्पद गोष्टींचं एक बरं असतं, की त्या कोणालातरी सांगाव्याशा वाटतात. कोणाला? यादी फार मोठी नव्हती.

"यमू," त्यांनी हाक मारली. "जरा येतेस का?"

"काय करून राहिले हो तुम्ही तिथं मागं बसून?" यमूताई दारातच थांबल्या. हातात सोलायच्या पोपटीच्या शेंगांची परात. "काही पडलं का?"

"वायर जात नाही."

"मला काय समजते त्याच्यातलं." पण परात खाटेवर ठेवून त्या आल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मॉनिटरच्या पाठीशी वाकल्या. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, उघडली आणि खाचेत घालून हळूच काहीतरी उकरलं. तळहातावर घेतलं.

"तांदूळ आहे."

"तांदूळ?"

"अक्षत. खंडेनवमीची. मीच वाहिली असेन." कुंकवात भिजून वाळून चिकटलेला एक दाणा, लाल. "समोर काचेवर कुंकू लावलं तर गौरांग ओरडला होता न मागं, तेव्हापासून मी पूजा पाठीमागून करते. गेल्या साली नाही, त्याच्या आधीची असेल. बघा, अजून कशी आहे." आणि मग, सहजच, दुसऱ्या कोणालाही म्हटलं असतं तसं, "एवढा लालभडक दाणा, तुम्हाला दिसला नाही का हो..."

वाक्य तिथंच राहिलं. टॉर्च चालूच होता. त्याचा उजेड जमिनीवर, कृष्णकांतांच्या गुडघ्यावर. ते तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या कानाच्या जरा पलीकडे, भिंतीवर, आणि यमूताई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी मागे वळून त्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर काही नव्हतं.

यमूताईंनी वायर त्यांच्या हातातून घेतली आणि घातली. ती गेली. कृष्णकांत उठून पुढच्या बाजूला आले. चौकट विझली, काच एकदा काळी झाली, आणि मग सबंध पडदाभर पान एकशे तेरा उगवलं, पिवळट, कडेला कोणीतरी पेन्सिलीनं काढलेल्या रेघेसकट, आणि अक्षरं सुपारीएवढी. वाक्यं सबंध. नजर जरा डावीकडे ठेवली तर उजवीकडचं वाचता येत होतं — मास्तरीण कुठल्याशा स्टेशनवर उतरली होती आणि तिची ट्रंक हमालानं उचलली होती. बस्स, एवढंच. इतके दिवस ती तिथंच उभी होती, ट्रंक घेऊन.

"यात गोपाळराव नाही," कृष्णकांत म्हणाले. कबुलीजबाब देताना आवाज किती सपाट ठेवावा, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"ते माहीत आहे मला."

"...कधीपासून?"

"तुम्ही पान कुठं उलटवता? मागच्या आठवड्यात तासभर एकच पान." यमूताईंनी परात ओढून घेतली. दाणा केरात टाकायचा नव्हता, तो त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला. "मला वाटलं, पुस्तक रटाळ आहे म्हणून तुम्ही मनचं सांगून राहिले. म्हटलं, सांगू द्या. बरं सांगता." एक शेंग सोलली. दुसरी सोलली. तिसरी हातातच राहिली. "ते डोळ्याचं आहे, हे मला नाही समजलं."

टॉर्च अजून चालू होता. कोणीच विझवला नाही.

"मंगळवारी डॉक्टरकडे जायचं आहे," ते म्हणाले. "घरचं माणूस आणा म्हणाले."

"बँकेत का?" यमूताई म्हणाल्या.

त्यांना हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही, दोन्ही एका वायरीतून एकदम जाऊ बघत असल्यासारखं. त्या उठल्या, खुर्ची उचलली आणि समोर नेहमीच्या जागी न ठेवता त्यांच्या डाव्या हाताला, जवळ, पडद्याच्या कडेशी ठेवून बसल्या.

"इंदूबाईंना काय सांगायचं?"

"ते मी बघते. तुम्ही वाचा."

कृष्णकांतांनी पडद्याकडे बघितलं. मधोमध डाग येऊन बसला, हमालाला घेऊन गेला, त्याला कोण अडवणार... पण डागाच्या बाहेर, डावीकडे, यमू होती. स्पष्ट. दीड महिन्यात प्रथमच इतकी स्पष्ट, कानातली कुडी, नाकावरची बारीक सुरकुती, सोललेल्या शेंगेचं टरफल बोटाला चिकटलेलं — आणि हे कसं लक्षात आलं नाही, की इतके दिवस ती समोर बसायची, बरोबर मधे, आणि मी तिच्याकडे थेट बघत होतो.

मंगळवारी काय निघेल ते माहीत नव्हतं. उजवा थांबेल, न थांबेल. त्यांनी मास्तरणीचं वाक्य वाचलं, सावकाश, अडखळत, स्टेशन, ट्रंक, हमाल. पुढचं वाचलं. यमूताई सोलत होत्या.

"आणि तो गोपाळराव?" मधेच यमूताईंनी विचारलं, पडद्याकडेच बघत. "तो कुठं आहे आता?"

कृष्णकांतांना माहीत नव्हतं. दीड महिना हे माहीत नसण्याची धास्ती रोज पावणेतीनला यायची. आता तीन वाजून गेले होते, आणि ते वाट बघत होते, पण धास्तीची नाही. त्याच फलाटावर, ट्रंकेच्या पलीकडे, चित्राच्या कडेला कोणीतरी झोपलेलं आहे का, शेजारी मांजर आहे का, हे बघावं असं त्यांना वाटत होतं, थेट नाही, जरा बाजूला.