उर्वीसाठी टाकलेला शब्द

“चला उर्वी, शेवटी शहाणी झालीस म्हणायची,” असं म्हणत प्रसादकाकांनी तिच्या ताटात आणखी एक बटाटेवडा ठेवला. “सोमवारी एचआरचा फोन येईल. टेन्शन घेऊ नकोस, घरचीच कंपनी समज.”

महाराष्ट्र मंडळाने दिवाळीसाठी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता. जेवणाची रांग दारापर्यंत गेली होती. उर्वीला आधी वाटलं, काकांचा काहीतरी घोटाळा झालाय. प्रसादकाका म्हणजे तिच्या बाबांचे विद्यार्थिदशेतले रूममेट. आता ते खेळाचे कपडे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर होते. स्कीइंगसाठी उर्वीला स्पॉन्सर करणारी कंपनी हीच. काका तिथे लागायच्या कितीतरी आधी उर्वीने ती स्पॉन्सरशिप स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती.

“कशाचा फोन?” तिने विचारलं.

काकांनी मोकळ्या मनाने सगळं सांगितलं. गणपतीत तिच्या बाबांनी, म्हणजे सुमंतने, त्यांच्याकडे शब्द टाकला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पोरगी आता स्कीइंग सोडणारच आहे, तुमच्याकडे कुठेतरी चिकटवून टाका. काकांनी मैत्रीला जागून मार्केटिंगमध्ये जागा काढली होती. आणि उर्वी रिटायर होतेय म्हटल्यावर तिची स्पॉन्सरशिप कोलोरॅडोच्या एका मुलीला देऊन टाकली होती. सह्यासुद्धा झाल्या होत्या. करार दर नोव्हेंबरला नवा व्हायचा, यंदा उर्वीच्या दोन मेलना उत्तर का नव्हतं, ते तिला त्या रांगेत ताट धरून कळलं.

गुडघा ठणठणीत होता. डॉक्टरांनी सप्टेंबरमध्येच हिरवा कंदील दाखवला होता. टीममधली जागाही शाबूत होती, पण प्रवासाचा, राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. स्पॉन्सर गेला म्हणजे हिवाळा गेला, आणि तिच्या वयाला एक हिवाळा गेला की पुढचा कुणी देत नाही. सोडणार असं ती कुणालाही, झोपेतसुद्धा, म्हणाली नव्हती.

तिने ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि बाबाला शोधायला निघाली. वाटेत नेहमीचेच लोक भेटले. बर्फाच्या उतारावर मुद्दाम केलेल्या टेंगळांवरून गुडघे आपटत खाली यायचं, मध्ये दोनदा हवेत कोलांटी मारायची आणि अर्ध्या मिनिटात खेळ खलास, अशा तिच्या प्रकाराला मोगल्स म्हणतात. त्यामुळे महाराजांच्या मागे मोगलांशी लढणारी आमची उर्वीच, हा विनोद मंडळात दरवर्षी कुणीतरी पहिल्यांदाच सुचल्यासारखा करायचं. यंदाही झाला. एक काकू म्हणाल्या, तुमचं काय बाई, पॅशन. घरातल्या वेडसर माणसाविषयी बोलावं, तसा त्यांचा सूर. याच काकूंचा मुलगा रात्रंदिवस कोड लिहून पाठ धरून बसलाय, त्याला मात्र कुणी पॅशन म्हणत नाही. त्याला करिअर म्हणतात.

घरी परतताना गाडी उर्वीनेच चालवायला घेतली. शेजारी सुमंत, मागे आई, कांचन, उरलेल्या श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन.

“मी शब्द टाकला. कुणाच्या घरात चोरी नाही केली,” सुमंत म्हणाला.

“मला विचारायचं होतंस, बाबा.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

आता याला काय म्हणावं! माणूस नाही म्हणेल हे ठाऊक असताना परस्पर त्याचं आयुष्य उरकून टाकायचं, आणि वर ते इतक्या निरागसपणे सांगायचं. पण सुमंतला यात काही वावगं दिसतच नव्हतं. त्याला स्वतःला पहिली नोकरी कुणाच्या तरी मामाने टाकलेल्या शब्दावर लागली होती. शब्द टाकायचा, काम झालं की पेढे द्यायचे आणि ज्याचं काम झालं त्याने जन्मभर हसून नमस्कार करायचा. त्याच्या लेखी प्रेम हे असंच करतात.

आणि प्रेम नव्हतं असं कसं म्हणणार? मिशिगनच्या थंडीत पोरगी घरात कुढू नये म्हणून जुन्या बाजारातून स्की त्यानेच आणल्या. दर शनिवारी गावाबाहेरच्या टेकाडावर तोच तिला न्यायचा, आणि हाताची बोटं गारठली तरी खाली उभा राहायचा. पण ती हवेत उडायला लागली आणि याचा धीर सुटला. उभा जन्म त्याने मोटारकंपनीच्या चाचणी विभागात गाड्या भिंतीवर आदळून आत बसवलेल्या पुतळ्याच्या मानेचं काय होतं, ते बघण्यात घालवला होता. तिची स्पर्धा टीव्हीवर लागली की तो गॅरेजमध्ये जाऊन बसायचा, आणि कांचनने हाक मारल्यावरच घरात यायचा. हे सगळं उर्वीला माहीत होतं, म्हणून तर तिला जास्त संताप येत होता. वाईट माणसावर निदान मोकळेपणाने चिडता तरी येतं.

“आई, तुला माहीत होतं?”

कांचनने डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. तेवढ्यावरून उर्वीला कळायचं ते कळलं.

“खूश तरी आहेस का तू?” सुमंतचा आवाज चढला. “दर फेब्रुवारीत रडत फोन करतेस. ना धड इन्शुरन्स, ना सेव्हिंग. एका खोलीत तिघी राहता. तुझ्याबरोबरच्या मुलींची घरं झाली.”

“खूश राहायला नाही करत मी. खूश मी वर्षातून चार वेळा असते. बाकी वेळ दुखतं, भीती वाटते, इट्स बोअरिंग टू. तरी ते माझं काम आहे. तुला तुझं काम रोज आवडायचं?”

सुमंतने तोंड खिडकीकडे वळवलं.

“मला त्याचा पगार मिळायचा,” तो म्हणाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वीने प्रसादकाकांना फोन केला. मी सोडत नाहीये, कधी म्हणालेही नव्हते, असं स्वच्छ सांगितलं. काका बिचारे चपापले, पण करार झाला तो झाला. यंदा जॉब घे, पुढचं पुढे बघू, असं त्यांनी मायेने सुचवलं. तिने आभार मानून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हटलं. मग तिने युटामध्ये, टीमचं ट्रेनिंग असतं तिथे, दोन-तीन फोन केले आणि बॅग घेऊन गॅरेजमध्ये गेली.

सुमंत आला तेव्हा ती खाली बसून हेल्मेटवरचा कंपनीचा स्टिकर नखाने खरवडत होती. कराराबाहेर गेलेल्या खेळाडूने ते नाव मिरवायचं नसतं. स्टिकर फाटत होता, डिंक राहत होता. सुमंतने ते बघितलं. त्याचा चेहरा एकदम निवळला. तो आत गेला आणि कांचनचा हेअर ड्रायर आणि जुनं फडकं घेऊन आला.

“आण इकडे. असं नसतं काढायचं.”

तिने हेल्मेट दिलं. तो पाटावर बसल्यासारखा मांडी घालून फरशीवर बसला, ऊब देत देत कडेने स्टिकर सोडवू लागला. मध्येच म्हणाला, बरं झालं, आता सावकाश सगळं मार्गी लागेल, पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. त्याचा हात इतका हलका होता, आणि इतक्या दिवसांनी तो तिच्याजवळ असा बसला होता, की उर्वीला मध्येच बोलायचं जिवावर आलं. पण आपण खेळ सोडला या भ्रमात त्याला ठेवलं तर त्याच्यात आणि तिच्यात फरक काय उरला?

“बाबा, मी चार वाजता निघतेय. सॉल्ट लेकला.”

“सामान आणायला?”

“ट्रेनिंगला. तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये संध्याकाळची शिफ्ट मिळालीय. भांडी घासायची, भाजी चिरायची. दिवसा स्की करता येईल.”

ड्रायर चालूच होता. सुमंतने तो बंद केला.

“आणि हे?” त्याने हेल्मेट वर धरलं.

“कोरंच घालणार.”

“कोरं हेल्मेट बघून लोक काय समजतील?”

“समजतील की हिला कुणी घेतलं नाही.”

नोकरी लागेपर्यंत आपणही कुणाला नको होतो, हे सुमंतला त्या क्षणी आठवलं की नाही, कोण जाणे. त्याने फडक्याचं कोरडं टोक शोधलं, डिंकाचा उरलेला डाग जोर लावून पुसला आणि हेल्मेट तिच्या हातात न देता स्वतःच बॅगेत ठेवलं. मग चेन लावायला गेला, पण ती त्याला लागेना.