ज्ञानेश सरांचं विनोदी नाटक

नाशिकच्या ‘अक्षांश’ नाट्यसंस्थेचे कलात्मक संचालक ज्ञानेश शेवाळे यांचं नाटक कुणाला कळलं, तर त्यांची झोप उडायची. प्रयोग संपल्यावर एखादा प्रेक्षक “छान वाटलं, सर” म्हणाला, की ते घरी येऊन बायकोला, छायाला, म्हणत, “कुठंतरी सवंगपणा शिरलाय.” लोक काही न बोलता चपला शोधायला लागले, की मात्र त्यांना प्रयोग जमल्यासारखा वाटे.

‘निःशब्दाचे तळघर’ हे त्यांचं सगळ्यात लाडकं नाटक. एक म्हातारा खुर्चीत बसून राहतो. बायको अधूनमधून विचारते, “चहा घेता का?” तो उत्तर देत नाही. शेवटी ती विचारायचं थांबते आणि पडदा पडतो. म्हातारा समाधान करायचा, बायको मंजुषा. माणसाच्या अथांग एकटेपणाची ही शोकांतिका नाशिकच्या जाणकारांनी, म्हणजे समाधानच्या आणि मंजुषाच्या नातेवाइकांनी, श्वास रोखून पाहिली होती.

मग कळवणचं बोलावणं आलं. भाजी उत्पादकांच्या मेळाव्यात ठरलेला ऑर्केस्ट्रा ऐनवेळी रद्द झाला आणि आयोजक नाथाभाऊंना कुणीतरी सरांचा नंबर दिला. “नाटक आहे ना? मग या,” नाथाभाऊ म्हणाले. विषय त्यांनी विचारला नाही. सरांनी तरी तो बराच वेळ सांगितला.

मैदान खच्चून भरलं होतं. मंजुषानं विचारलं, “चहा घेता का?” समाधान गप्प. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा पुढच्या रांगेतून रंगूबाई नावाची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगं, त्याला काय इचारती? ओत अन् ठिव पुढं. माझा बी असाच हाय.”

सगळं मैदान खदखदून हसलं. मंजुषा कसलेली नटी. ती म्हातारीकडं वळून म्हणाली, “ठेवला की म्हणतात, गार झाला.” त्यानंतर समाधाननं नुसती पापणी हलवली तरी हशा उसळत होता.

विंगेत सर पांढरे पडले. प्रयोगानंतर ते मंजुषाला म्हणाले, “तू नाटकाचा खून केलास.”

“सर, एकही माणूस उठून गेला नाही.”

“तेच तर म्हणतोय मी.”

पण गावोगावहून फोन येऊ लागले. सर तत्त्वानं नाही म्हणत राहिले. मग एका वर्तमानपत्रातून फोन आला. ग्रामीण विनोदाला तुम्ही हे नवं वळण दिलंत, ते सुचलं कसं, असं पलीकडून विचारलं गेलं.

“विनोद हा माझा मूळ पिंडच आहे,” सर म्हणाले.

समोर मेथी निवडत बसलेल्या छायानं मान वर करून पाहिलं. सर फोन घेऊन गॅलरीत गेले.

तालमी सुरू झाल्या. मंजुषाला कळवणमध्ये आयत्या वेळी जे सुचलं होतं, ते सर आता तिलाच शिकवू लागले. अडचण एवढीच होती, की प्रत्येक गावात एखादी रंगूबाई असेलच असं नाही. म्हणून मंजुषाची मावशी, पंचवटीत भाजी विकणाऱ्या सिंधुबाई, यांना प्रेक्षकांत बसवायचं ठरलं. सरांनी त्यांना उत्स्फूर्त वाक्यं टाईप करून दिली. सिंधुबाईंनी ती कधी वाचली नाहीत. त्यांना दर गावात नवंच काही सुचे आणि लोक हसून बेजार होत. सर मुलाखतींमधून या प्रकाराला ‘प्रेक्षक-संवाद पद्धती’ म्हणू लागले.

अखेर नाशिकच्या एका मोठ्या नाट्यगृहात सरांचा सत्कार ठरला आणि त्यानंतर प्रयोग. मंजुषानं विचारलं, “चहा घेता का?” सिंधुबाई गप्प. तिनं पुन्हा विचारलं, तरी त्या गप्पच. हसायच्या तयारीनं आलेले लोक आधी चुळबुळले, मग हळूहळू नुसते बघू लागले. एसीची घरघर ऐकू यायला लागली. जिच्यासाठी सर जन्मभर तळमळले ती शांतता नाट्यगृहात पसरली होती, आणि सर विंगेतून जिवाच्या आकांतानं हातवारे करत होते, “बोला, बाई, बोला.”

सिंधुबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

पडदा पडताच सरांनी त्यांना गाठलं. “काय झालं काय तुम्हाला?”

“आज पोरीकडं नीट पाहिलं,” सिंधुबाई म्हणाल्या. “इतके दिवस आपलं बोलणं कधी येतं तेवढंच बघत होते. किती वेळा विचारते हो ती. माझ्यानं नाही होणार आता. तुम्ही दुसरी बाई बघा.”

दुसरी बाई मिळेना. दिंडोरीच्या प्रयोगाला सर स्वतःच टोपी घालून लोकांत जाऊन बसले. मंजुषानं दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, “अहो आजोबा, हो तरी म्हणा.”

कुणीही हसलं नाही. शेजारी द्राक्षबागेतून परस्पर आलेली एक बाई बसली होती, तिच्या साडीला अजून फवारणीच्या औषधाचा वास होता. स्टेजवरची नजर न काढता ती म्हणाली, “भाऊ, गप बसा ना जरा. ऐकू द्या.”

सर गप्प बसले. एवढी वर्षं नाटक त्यांनी विंगेतूनच पाहिलं होतं. समोर बसून ते पहिल्यांदाच बघत होते. मंजुषा पुन्हा विचारायला वळली आणि सरांना समाधानचा भलताच राग आला. हो म्हणायला काय जातं या माणसाचं, असं त्यांना मनापासून वाटलं.