देठाचं टोक

टेबलावर चारशे अठरा पानं होती. सागाची तीनशे सहा, जांभळाची एकाहत्तर, अंजनीची एकतीस, आणि दहा इतकी कुजलेली की नाव सांगता येईना.

ओढ्याकाठच्या रानात सरकारी पाहणीसाठी आम्ही झाडांखाली जाळ्या बांधतो आणि त्यांत पडलेली पानं मोजून रानाचा प्रकार ठरवतो. जांभूळ, अंजनी जास्त निघाली तर रान सदाहरित. मग नवा रस्ता त्याला वळसा घालून जाणार. साग जास्त निघाला तर पानझडी. मग रस्ता सरळ रानातून. वळसा घातला की मध्ये भावजींचं गॅरेज येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

या खेपेला मला ताप होता, म्हणून जाळ्या भावजींनी रिकाम्या केल्या होत्या.

ओढ्याच्या ओलीत साग सहसा उभा राहत नाही. वरच्या उतारावर लागवडीचा आहे खरा. पण तिथून एवढी पानं?

भावजी हात पुसत आत आले. "काय मेव्हणीबाई, झाली का हजेरी घेऊन?"

"सागाचा पट फार मोठा आहे, भावजी."

"वारा होता."

"तुम्ही गेलात तेव्हा?"

"आता वारा काय मला विचारून सुटतो?"

मी हसले. ताई हसली नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "गॅरेज गेलं तर आम्ही काय खायचं? तुझी पानं?"

"ताई, मी नुसती मोजतेय."

"मोजू दे तिला," भावजी म्हणाले. पण खुर्ची ओढून समोरच बसले.

झाड स्वतः पान सोडतं तेव्हा देठाशी आधी एक थर धरतं, त्यामुळे गळलेल्या पानाच्या देठाचं टोक गुळगुळीत असतं. हाताने खुडलं की टोक फाटतं, धागे निघतात. नुसत्या डोळ्यांनीही कळतं, तरी मी भिंग काढलं. चूक कुणाच्याच बाजूने व्हायला नको होती.

"देठात काय बघतेस?" भावजींनी विचारलं.

मी सांगितलं. ताईने उठून पंखा बंद केला.

मी सागाचं एकेक पान उलटवत गेले.

एकूण तीनशे सहा. गळलेली एकोणीस. खुडलेली दोनशे सत्त्याऐंशी.