दादाचं मलम

“मॅडम, तोंडावर तुम्ही सांगितली तसली जखम असलेल्या मुलीशी लग्न केलं, तर नवऱ्यालाही होते का हो?”

वर्ग खो-खो हसला. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि माघार घेईल ती भिंगरी कसली!

शाळेत माहिती द्यायला आलेल्या प्रयोगशाळेच्या मॅडमही हसल्या. “नाही गं. ही जखम करणारे लेशमॅनियाचे परजीवी वाळूमाशी चावल्यानं अंगात शिरतात, नवरा-बायकोनं एकमेकांना चावून नाही! पण परजीवी कुठल्या जातीचा, ते कळायलाच हवं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे जुळ्या भावंडांसारखे दिसतात. म्हणून जखमेतलं कणभर खरवडून आम्ही त्याचा डीएनए तपासतो. एक जात कातडीवरच थांबते, मलमावर भागतं. दुसरी पुढे नाक, टाळू खाते. तिला इंजेक्शनंच लागतात.”

“एकाच घरात दोन जाती असतात?”

“दोघांना दोन ठिकाणी माशी चावली, तर का नाही?”

भिंगरीला घरातली ताई आठवली.

दादाला परगावी खाणीवर काम करताना दंडावर जखम झाली होती. तो उजळ माथ्यानं दवाखान्यात गेला, तपासून आला, मलमानं बरा झाला. मग ताईच्या गालावर तशीच जखम उठली. ताईनं तर कधी गाव सोडलं नव्हतं. पण आई म्हणाली, “लग्नाची पोर. दवाखान्याच्या रांगेत चार जणांनी पाहिलं, तर एक स्थळ फिरकायचं नाही. घर एक, जखम एक, दादाचंच मलम लाव.” गालावरची जखम भरली. आईला हायसं वाटलं. पुढे ताईचं नाक चोंदलं, त्यातून रक्त येऊ लागलं. “सर्दी असेल,” म्हणत बाबांनी खिडकीचा पडदा ओढला.

त्या दिवशी शाळेतून येऊन भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे ताईच्या नाकातला नमुना प्रयोगशाळेत गेला.

“दुसरी जात निघाली,” मॅडमनी हळूच सांगितलं. “इंजेक्शनांनी पुढचं थांबेल. आतून खाऊन गेलेलं नाक मात्र परत यायचं नाही, बाळ. गालावर जखम उठली, तेव्हाच आणायला हवं होतं.”

घरी आल्यावर ताई रडली नाही. नाकाचा दांडा बसलेला, शब्द नाकातून फुटत होते. “भिंगरे, एवढा आरसा काढून ने गं.”

जेवताना बाबा म्हणाले, “कुणी विचारलं, तर ताई मावशीकडे राहायला गेली म्हणायचं. उद्या तुझंही लग्न व्हायचंय.” आईनं मान डोलावली. आतल्या खोलीत ताईला सगळं ऐकू जात होतं.

भिंगरीनं हातातला घास खाली ठेवला.

“मी नाही म्हणणार, बाबा. उद्या वर्गात उभी राहून सांगणार, ताई घरातच आहे. आपण लपवली म्हणून तिचं नाक गेलं. अजून कुणी घरात बहीण लपवली असेल, तर तिला आजच्या आज न्या म्हणून सांगणार. माझं लग्न मोडलं तर मोडू दे.”